सीप्झखालची खाचरं

सीप्झमध्ये नोकरीला लागून आठ महिने झाले तेव्हा मला कळलं की आमच्या आवारात एक चर्च आहे. चर्च म्हणजे चर्चचे अवशेष. दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघंतिघं पाय मोकळे करायला एक फेरी मारतो. एरवीचा रस्ता खोदलेला होता म्हणून त्या दिवशी दुसऱ्या बाजूनं गेलो, आणि काचेच्या इमारतींच्या मागं एक काळपट दगडी मनोरा दिसला. छप्पर नाही, भिंती उभ्या, भिंतीतून झाडांची मुळं बाहेर आलेली. मला आधी वाटलं एखादी जुनी बंद पडलेली फॅक्टरी असेल. तिथला सिक्युरिटीवाला म्हणाला, “पुराना चर्च है, साल में एक बार पूजा होता है.”

संध्याकाळी अंधेरीहून बोरिवलीची लोकल पकडली आणि उभ्या उभ्या फोनवर शोधलं. सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, १५७९. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही पन्नास वर्षं आधी. पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेलं. १८४० साली साथ आली, लोक तिथून मरोळकडे सरकले, चर्च ओसाड झालं. पुढं १९७३ साली ही जागा सीप्झमध्ये आली. (सीप्झमधला पहिला शब्द सांताक्रूझ आहे आणि जागा अंधेरीत आहे, हे नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला एकदा समजावून सांगावं लागतं.)

मला चर्चपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. तोवर मी धरून चाललो होतो की सीप्झ रिकाम्या माळावर उभं राहिलं. आमच्या ऑफिसच्या लॉबीत एक जुना फोटो आहे, त्यात सपाट जमीन, एक शेड आणि मागं टेकडी. फोटो बघून सगळेच म्हणतात, “इथं तेव्हा काहीच नव्हतं.” पण एवढं मोठं चर्च काहीच नसलेल्या जागी कुणी कशाला बांधेल? आजूबाजूला माणसं असणार. मग ती माणसं काय करत होती, काय खात होती?

याचं उत्तर शोधायला फार खोल जावं लागलं नाही. भात लावत होती, भात खात होती.

---

आपण ज्याला आज पश्चिम आणि पूर्व उपनगरं म्हणतो, तो वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-ठाण्यापर्यंतचा भाग म्हणजे जुनं साष्टी बेट. साष्टी हे नावच सहासष्ट गावांवरून पडलं असं मानतात. मधे डोंगर, त्यात कान्हेरीची लेणी आणि जंगल. डोंगरातून खाली येणाऱ्या नद्या: दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी. कडेला खाड्या आणि खाजणं. आणि डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या सगळ्या सपाटीवर भाताची खाचरं.

ही शेती किती जुनी असावी? कान्हेरीच्या एका शिलालेखात, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या, मंगलस्थान नावाच्या गावातलं एक शेत भिक्खूंच्या खर्चासाठी दान दिल्याची नोंद आहे. मंगलस्थान म्हणजे मागाठाणे. मी लहानपणापासून मागाठाणे डेपोला बस बदलत आलोय. शेतात काय पिकायचं हे त्या लेखात नाही. पण जिथं चार महिन्यांत अडीचशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथल्या सखल जमिनीत दुसरं काय पिकणार?

भातशेती कशी करतात हे मला पुस्तकातून वाचावं लागलं नाही, कारण घरात आज्जी आहे. आमचं मूळ गाव माणगाव तालुक्यात, आताचा रायगड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. आज्जी लग्न होऊन त्या घरात आली आणि पुढची चाळीस वर्षं तिनं खाचरातच काढली. आता ती बोरिवलीला आमच्याकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. मी तिला विचारलं, तेव्हा तिनं आधी टीव्हीचा आवाज कमी केला. एवढा मान तिनं मला माझ्या कॅम्पस प्लेसमेंटच्या दिवशीही दिला नव्हता.

तिनं सांगितलं ते असं. वैशाखात राब भाजायचा. म्हणजे जिथं रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत, झाडांच्या तोडून आणलेल्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. तण मरतं, राख मिळते. मृग लागला की त्यावर बी पेरायचं. वीस-पंचवीस दिवसांत रोप हातभर होतं. तोवर खाचरात पाणी साठलेलं असतं, चिखलणी झालेली असते. मग रोपं उपटून मुठी बांधायच्या आणि ओळीनं वाकून लावायच्या. डोक्यावर इरलं, पाऊस पाठीवर. लावणी संपली की बांध सांभाळायचे. कुठं उंदरानं किंवा खेकड्यानं भोक पाडलं तर सगळं पाणी निघून जायचं. दसऱ्याच्या सुमाराला शेत पिवळं पडायचं, दिवाळीच्या आगेमागे कापणी. झोडणी, वारवणी, मग धान्य कणगीत. पेंढा गुरांना आणि छपराला. तूससुद्धा फुकट जायचं नाही.

“मजा यायची असेल ना, सगळ्यांनी मिळून लावणी करताना?” मी विचारलं.

“मजा?” आज्जी म्हणाली. “पायाला चिखल्या व्हायच्या. बोटांच्या बेचक्यात नुसती आग. रात्री तेल-हळद लावून झोपायचं आणि सकाळी परत त्याच चिखलात. तुझा बाबा पोटात होता तेव्हा मी सातव्या महिन्यापर्यंत लावणी केलीय.”

हे इथं मुद्दाम लिहितोय. इन्स्टावर पावसाळ्यात लावणीचे रील्स येतात, हिरवंगार, ड्रोनमधून काढलेले. ड्रोनला चिखल्या दिसत नाहीत.

ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटियर पीडीएफमध्ये मिळतं. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. त्यातलं राबाचं वर्णन वाचलं, तर ते आणि आज्जीचं सांगणं जवळजवळ सारखं. म्हणजे माणगावात जे चालायचं तेच मरोळ, चकाला, मागाठाणे, मुलुंड इथं चालायचं. राबासाठी डोंगरातून फांद्या आणाव्या लागायच्या, आणि इंग्रजांनी जंगलं राखीव करायला सुरुवात केली तेव्हा त्यावरून एवढी ओरड झाली की १८८०च्या दशकात सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांच्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. शेत खाली आणि जंगल वर, पण दोन्ही मिळून एकच संसार होता. आज आपण नॅशनल पार्कला तिकीट काढून जातो.

---

मग माझ्या मनात साधा प्रश्न आला. एवढा भात पिकत होता, तर तो जायचा कुठं?

बराचसा कर म्हणून जायचा. साष्टीच्या इतिहासात राजे बदलत राहतात, पण प्रत्येक राजा आल्यावर पहिली गोष्ट तीच करतो: भात मोजतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. वीस वर्षांत, १५५४ मध्ये, सिमाँव बोतेल्यू नावाच्या अधिकाऱ्यानं पोर्तुगीज मुलखाच्या महसुलाची मोठी वही तयार केली. भात मोजायचं माप होतं मुडा. पोर्तुगीजांनी गावं आपल्या सरदारांना तोडून दिली आणि त्याबद्दल जो ठरावीक वार्षिक कर घेतला त्याला म्हणत ‘फोरो’. मुंबईतल्या फोरास रोडचं नाव त्यावरून आलं. त्या रस्त्याचं नाव आपण भलत्याच कारणासाठी ऐकलेलं असतं, पण मुळात तो जमिनीच्या कराचा शब्द.

१७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. इंग्रजांना हे बेट हवं होतं याची कारणं लष्करी होती, तशी पोटाचीही होती. मुंबई बेटाला स्वतःचं पोट भरता येत नव्हतं. इंग्रज लोक टरफलासकटच्या भाताला ‘बॅटी’ म्हणायचे. भात या शब्दाचंच ते रूप. मला ती गोष्ट फार आवडली, की ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशोबात आपला भात बसला आहे, फक्त जरा वाकडा होऊन.

पुढं कंपनीनं साष्टीतली गावंच्या गावं मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांना कायमच्या पट्ट्यानं दिली. पवईची इस्टेट १८२९ च्या सुमाराला फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे गेली. १८३० साली बैरामजी जीजीभाई यांना सात गावं मिळाली. फ्रामजींनी पवईत ऊस, नीळ असे प्रयोग केले, विहिरी खणल्या. ही माणसं उद्योगी होती आणि दानशूरही होती, ते नाकारायचं कारण नाही. पण गाव त्यांच्या नावावर आणि खाचरात वाकलेली माणसं दुसरीच, ही रचना तिथून घट्ट झाली. कसणाऱ्यांत कुणबी होते, आगरी, कोळी, भंडारी होते, डोंगराच्या कडेनं वारली होते. आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली मराठी बोलणारी माणसं होती. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या शेवटच्या समाजानं स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. सीप्झमधलं ते चर्च त्यांच्या पूर्वजांचं.

---

माझ्या टीममधली एक मुलगी मरोळच्या गावठाणात राहते. चर्चचा विषय काढला तसा तिनं मला घरी बोलावलं, तिच्या वडिलांच्या मोठ्या भावाला भेटायला. ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. त्या दिवशी त्यांचा आगेरा असतो, म्हणजे नव्या भाताचा सण. भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या घरोघरी वाटतात.

मरोळचं गावठाण मी तोवर फक्त ॲपमधल्या नकाशावर बघितलं होतं, रिक्षा आत जात नाही असा भाग म्हणून. आत गेल्यावर गल्ल्या एकदम अरुंद, मधूनच एखादं लाकडी जिन्याचं आणि कौलारू घर, एक क्रूस, एक विहीर झाकून टाकलेली. अंकल ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचे. त्यांची मराठी आमच्या गावच्या मराठीच्या इतकी जवळची होती, की मला क्षणभर आजोबांचा आवाज ऐकल्यासारखं झालं.

“तिकडे सगलं भाताचं शेत होतं, पोरा,” ते हातानं सीप्झच्या दिशेला दाखवत म्हणाले. “थोडं आमचं, थोडं दुसऱ्याचं कसायचो. पावसात इथून बघितलं तर टेकडीपर्यंत पानी आणि पानी. मधी फकस्त बांध.”

त्यांनीही राब सांगितला. इरलं सांगितलं. उंदीर-खेकड्यांची भोकंही सांगितली, आणि ती बुजवायला रात्री कंदील घेऊन जावं लागायचं तेही. मी आज्जीचं सांगितलं तेव्हा ते खूश झाले, आणि “चिखल्या?” असं विचारून त्यांनी स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे वाजत-गाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला ‘उंबराचं पाणी’ म्हणतात. विहीर बुजली तिथं आता लोक प्रतीकापुरतं पाणी भरून आणतात. भाताचंही तसंच झालंय. आगेऱ्याच्या लोंब्या त्यांच्या एका नातेवाइकानं वसईकडून आणल्या होत्या.

जाता जाता एक सांगतो. हे सगळं शोधताना मी इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या बुगिस लोकांबद्दल वाचलं. तेही भात पिकवणारे. त्यांच्याकडे भाताची देवी आहे, सांगियांग सेरी, आणि तिच्या जुन्या कथेत एक मांजर आहे, जी भाताची राखण करत देवीबरोबर गावोगाव फिरते. कापणीनंतर ते लाकडी उखळीत तालात मुसळं आपटून सण करतात. आज्जीला व्हिडिओ दाखवला, तर ती म्हणाली, “आवाज बघ कसा एकसारखा येतोय, सवयीच्या बायका दिसतायत.” आमच्या साष्टीच्या भाताचं मात्र जे लिहून ठेवलंय ते बहुतेक कराच्या वह्यांत. मुडे किती, रुपये किती. अंकलच्या ओट्यावर बसलो नसतो तर मला वाटलं असतं की इथल्या लोकांनी भात फक्त मोजला.

शेताचं पुढं काय झालं, हे मी विचारलं. कागद आले, मोजणीवाले आले, मग शेड उभ्या राहिल्या, असं त्यांनी थोडक्यात सांगितलं. मोबदला किती मिळाला विचारलं तर ते हसले आणि पुतणीला म्हणाले, “याला अजून दोन फुगिया दे.” जी जमीन दुसऱ्याची कसत होते त्याचं काय मिळालं, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. पण त्यांनीच सांगितलं. “त्याचं काय मिलनार? ती आमची होती कुठं?”

---

इथून पुढची गोष्ट मला घरी येऊन आज्जीला सांगणं अवघड गेलं.

आमचं घर कुळाचं. पणजोबा दुसऱ्याची जमीन कसायचे. कुलाबा जिल्ह्यात खोतीविरुद्ध मोठी चळवळ झाली. अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले, पण खोताचं शेत कसलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मग १९४८चा कूळकायदा आला, आणि १९५६ साली त्यात दुरुस्ती झाली: १ एप्रिल १९५७ या दिवशी जी जमीन जो कूळ म्हणून कसतो आहे, त्यानं ती विकत घेतली असं मानलं जाईल. त्या तारखेला कृषक दिन म्हणतात. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवणार, कुळानं ती हप्त्यांनी भरायची. पणजोबांना सही येत नव्हती. अंगठा उठवून त्यांनी जमीन नावावर करून घेतली आणि आजोबांनी पुढं हप्ते फेडले. आज्जी तो कागद अजून प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी घालून ठेवते.

त्याच कायद्यात ४३-सी नावाचं एक कलम आहे. त्यानुसार बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या जमिनींना या खरेदीच्या तरतुदी लागू नाहीत. म्हणजे त्या हद्दीतला कूळ १ एप्रिल १९५७ला मालक झाला नाही. आणि हद्द कुठपर्यंत होती? १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढवली गेली. त्यात अंधेरी-मरोळ आलं. आणि १९५७च्या फेब्रुवारीत ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. फेब्रुवारी १९५७. कृषक दिनाच्या आधी जेमतेम दोन महिने.

मी हे कॅलेंडरवर दोनदा ताडून पाहिलं. यात कुणाचा डाव होता असं मला म्हणायचं नाही. शहर वाढत होतं, फाळणीनंतर माणसं आली होती, कारखान्यांना जागा हवी होती, आणि शहराच्या हद्दीतली जमीन शेतीसाठी कायमची बांधून टाकू नये असा सरकारी विचार असणार. त्या बाजूनं बघितलं तर तो चुकीचाही नाही. कायद्याचं ८८वं कलम तर सरकारला एखादा भाग बिगरशेती किंवा औद्योगिक वापरासाठी राखून ठेवू देत होतं, तिथं कायद्याचा बराचसा भाग लागूच होत नव्हता. त्याच सुमाराला, १९५१ च्या कायद्यानं, साष्टीतल्या जुन्या इस्टेटींची महसूलमाफीही रद्द झाली. पण इस्टेटवाल्याची माफी जाणं आणि कुळाला मालकी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर हिशोब असा होतो. दोन माणसं, एकाच पद्धतीनं राब भाजणारी, एकाच मापानं भात मोजणारी, एकच भाषा बोलणारी. एक माणगावात, एक मरोळला. एकाला त्यानं कसलेलं शेत मिळालं. २०१६ साली आमच्या त्या शेतातली दोन खाचरं बाबांनी विकली, रीतसर परवानगी काढून, आणि त्यातून माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं झाली. त्या डिग्रीवर मला सीप्झमध्ये नोकरी लागली. माझं डेस्क ज्या मजल्यावर आहे त्याच्या खाली कुठंतरी अंकल कंदील घेऊन बांध बुजवायला जायचे.

आज्जीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्यांची पण मोठी माणसं मीठ-भाकर खाऊन राबली असतील.” आणि कागदाची पिशवी परत ट्रंकेत ठेवली.

---

इंजिनिअर असल्यामुळे एक आकडेमोड केल्याशिवाय मला राहवलं नाही.

भाताचं खाचर म्हणजे पाणी धरून ठेवायचं भांडं. बांधाच्या आत पंधरा सेंटिमीटर पाणी उभं राहतं असं धरा. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या थोडं वर. त्यात सहाशे घनमीटर पाणी मावतं, म्हणजे सहा लाख लिटर. सीप्झचा पसारा साधारण शंभर एकरांचा. त्यातली अर्धीच जमीन खाचरांची होती असं समजलं, तरी तीन कोटी लिटर. दहा हजार लिटरचे तीन हजार टँकर. आता तिथं काँक्रीट आहे, आणि तेवढंच पाणी पडल्या पडल्या गटारात आणि गटारातून मिठीत जातं.

२६ जुलै २००५ला मी सात वर्षांचा होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. बाबा त्या रात्री घरी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारी अंधेरीहून चालत आले, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. खाचरं असती तर हा पूर अडला असता का? नसता. ९४४ मिलिमीटर म्हणजे त्याच शंभर एकरांवर अडतीस कोटी लिटर. खाचरांनी त्यातला दहावा हिस्सासुद्धा धरला नसता. पर्यावरणाच्या पोस्टमध्ये जेवढं सरळ सांगतात तेवढं ते नाही. पण दर जुलैत चारदा येणारा साधा शंभर मिलिमीटरचा पाऊस, ज्यात अंधेरी सबवे बंद होतो आणि आम्ही ग्रुपवर ‘डब्ल्यूएफएच’ टाकतो, त्याचा मोठा वाटा ही शेतं पोटात घेत होती. तेवढ्या पावसाला तेव्हा कुणी पूर म्हणत नसणार, लावणी म्हणत असणार.

शेत पूर्ण संपलं मात्र नाही. आरेच्या आतल्या आदिवासी पाड्यांवर अजून थोडा भात लावतात. माझ्या ऑफिसपासून ते काही फार लांब नाही. मागच्या जुलैत बाईकवर जाऊन आलो. रस्त्याच्या कडेला एका उतारावर दोन बायका लावणी करत होत्या, डोक्यावर निळं प्लास्टिक. मी फोटो काढायला फोन काढला, मग आज्जी आठवली आणि परत खिशात ठेवला.

आगेऱ्याच्या दिवशी निघताना अंकलनी मला भाताच्या चार लोंब्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या होत्या. देव्हाऱ्यात ठेव म्हणाले, तुमच्याकडे चालतं ना? मी म्हटलं चालतं, आमच्याकडेही नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायचे. घरी येऊन आज्जीच्या हातात दिल्या. तिनं एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि एक दाणा दाताखाली धरला.

“कच्चा आहे अजून,” ती म्हणाली. “उद्या गॅलरीत उन्हात टाक.”